एका अप्रसिद्ध दाढेचे निवेदन

माझी उजवीकडची खालची दाढ दुखत होती, एवढेच प्रकरण होते. दाढ तशी साधी. ती कुठल्या मालिकेत नव्हती, तिचे कुठे खातेही नव्हते. पण आमच्या डोंबिवलीत आता दात दाखवायला जायचे तर थोडी पूर्वतयारी लागते. आमचे जुने डॉक्टर दवाखाना विकून मुलाकडे गेले. त्यांच्या जागी जे आले त्यांच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत पदवी आहे आणि वर ठळक अक्षरांत ‘सेलिब्रिटी डेंटिस्ट’ असे आहे. पाटीला मागून दिवा आहे. रात्री लोकलमधूनही ती दिसते असे म्हणतात.

आत भिंतभर फोटो. प्रत्येकात एक ओळखीचा चेहरा दात दाखवतो आहे आणि शेजारी डॉक्टर त्याहून जास्त दाखवत आहेत. सौ. सोबत होत्या. गाल धरून बसलेल्या माझ्याकडे पाठ करून त्यांनी सगळी भिंत वाचून काढली. ‘‘अहो, ही तीच ना, सुनेच्या खिरीत काहीतरी कालवणारी?’’ मी मान हलवली. मान हलवल्यावर दाढेतून कळ आली. रिसेप्शनवरच्या मुलीने त्या बाईंचे कोणते दात आमच्याकडे केलेत हे कौतुकाने सांगितले. माझी कोणती दाढ दुखते हे तिने मागाहून विचारले.

खुर्चीत आडवा झाल्यावर डोक्यावर दोन दिवे आले. एक नेहमीचा, तोंडात पडणारा. दुसरा गोल, कडीसारखा, आणि त्याच्या मधोमध मोबाइल. मोबाइलच्या मागे एक तरुण उभा होता. तो डॉक्टरही नव्हता आणि कंपाउंडरही नव्हता. डॉक्टर म्हणाले, ‘‘काका, एक छोटासा व्हिडिओ घेतला तर चालेल ना?’’ त्या वेळी माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे, एक आरसा आणि एक नळी होती. मी ‘‘आं’’ म्हणालो. वैद्यकीय व्यवहारात याला संमती म्हणतात. मग त्या तरुणाने दोनदा काम थांबवले, कारण डॉक्टरांचा हात माझ्या तोंडावर येत होता. दाढ डॉक्टरांच्या हाताआड जाऊ नये आणि डॉक्टर माझ्या दाढेआड जाऊ नयेत, अशी ती कसरत होती. शेवटी मला ‘‘आता कसं वाटतंय, काका?’’ असे विचारण्यात आले. अर्धा जबडा बधिर असल्याने मी जे बोललो ते व्हिडिओत हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राने झाकले आहे.

दाढ बरी आहे. काम वाईट झाले असे मी म्हणणार नाही, बिल मात्र भिंतीवरच्या लोकांच्या ऐपतीचे होते. माझी तक्रार वेगळीच आहे. भारतीय वैद्यक परिषदेने 2002 साली डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नियम केले. त्यांत डॉक्टराने अवाजवी मोठी पाटी लावू नये, पाटीवर नाव, पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक याखेरीज काही लिहू नये, असे स्पष्ट आहे. औषधाच्या दुकानावरसुद्धा आपली पाटी लावणे त्यात गैर मानले आहे. वर्तमानपत्रात कधी निवेदन द्यावे याचीही यादी आहे: दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी जातो आहे, परत आलो आहे. परत आलो आहे! किती सुंदर काळ होता तो. डॉक्टर गावाला जाऊन आले ही बातमी होती. दंतवैद्यांची परिषद निराळी आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा हे नियम माझ्या डॉक्टरांवर कोणी फेकू नये. मी फक्त पाटीचा आकार सांगितला.

पुढे ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले. डॉक्टरांनी समाजमाध्यमांवर कसे वागावे, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, रुग्णांकडून शिफारशी मागून त्या मिरवू नयेत, असे सगळे त्यात होते. 2 तारखेला निघालेले हे नियम 23 तारखेला स्थगित झाले. खरे भांडण औषधांची जेनेरिक नावे लिहिण्यावरून होते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, पण ओल्याबरोबर सुकेही गेले. तीन आठवडे! आमच्या घरी एवढा तर साखर बंद करण्याचा निश्चयही टिकतो.

यावर कोणी म्हणेल की डॉक्टर आणि रंगभूमी हे नाते मराठी माणसाला नवे नाही. मान्य. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद होते. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. आमच्या वडिलांच्या पिढीला नाटकाच्या जाहिरातीत नटाच्या नावाआधी ‘डॉ.’ नसेल तर चुकल्यासारखे वाटायचे. पण त्या लोकांनी एक पथ्य पाळले. लागूंना नट व्हायचे होते तेव्हा त्यांनी चालता व्यवसाय सोडला आणि 1970 साली ‘नटसम्राट’मध्ये उभे राहिले. कोणाच्या कानात बॅटरी धरून त्यांनी स्वगत म्हटल्याचे ऐकिवात नाही. आगाशे शिकवतही राहिले आणि नाटकेही करत राहिले, पण ससूनला ससून आणि नाटकाला नाटक. आता मधली भिंत पाडून हॉल मोठा केला आहे. डॉक्टरला नट होण्यासाठी डॉक्टरकी सोडावी लागत नाही. ती चालू असतानाच प्रयोग होतो, आणि प्रेक्षकाला भूल दिलेली असते.

ही साथ फक्त दवाखान्यांत नाही. आमच्या रस्त्यावर सेलिब्रिटी मेकअप आर्टिस्ट आहे, सेलिब्रिटी डाएटिशियन आहे, सेलिब्रिटी मेहंदीवाली आहे, आणि रेल्वे फाटकापलीकडे सेलिब्रिटी ज्योतिषी आहे. या शब्दाची गंमत अशी की यांतले कोणीच स्वतः सेलिब्रिटी नाही. गिऱ्हाईक सेलिब्रिटी आहे, आणि तेही एकदाच येऊन गेलेले. पण गिऱ्हाइकाची प्रसिद्धी कारागिराला लागते, म्हणून तिचे दर्शन घ्यायला आपण जायचे. शिंप्याकडे मी सदऱ्याची बाही लांब झाली म्हणून गेलो. तो म्हणाला, ‘‘काका, हा कट आम्ही त्या अमुक सरांसाठी काढलाय, त्यांना परफेक्ट बसतो.’’ मी म्हटले, मला बसत नाही. त्याने माझ्या हातांकडे खिन्नपणे पाहिले. तो सदरा आज माझ्याकडे आहे. थंडीत हातमोजे लागत नाहीत.

मिसळीच्या दुकानांत तर आता भिंत हेच मेनूकार्ड आहे. मालक आणि नट, मालक आणि नटी, मालक आणि आमदार, मालक आणि कोणीतरी ज्याच्याविषयी चार टेबलांवर मतभेद आहेत. नटांपुढची मिसळ जवळजवळ सगळ्या फोटोंत शिगोशीग भरलेली आहे, म्हणजे खाण्यापूर्वी काढलेला फोटो. खाल्ल्यानंतरचा चेहरा कोणीच फ्रेम केलेला नाही. तर्री कशी आहे याचा पुरावा म्हणून मी तो मागितला तर पोऱ्या म्हणाला, ‘‘शेव वाढू का?’’

साबण विकायला नटी लागते हे फार जुने आहे. 1941 साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या, आणि या साबणाच्या त्या पहिल्या भारतीय तारका ठरल्या. त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. साबणाला स्वतःचे तोंड नसते. पण शिंप्याला असते, वैद्याला असते, प्राध्यापकाला तर फारच असते. त्यांनी उसने तोंड का आणावे?

प्राध्यापकावरून आठवले. मी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमाला समितीवर आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात सतरंजी, पुढे आलेला माइक आणि वक्ता एवढ्या सामग्रीवर माणसे दोन-दोन तास बसवण्याची परंपरा आहे. आमची मालाही त्याच सामग्रीवर वर्षानुवर्षे चालली. गेल्या बैठकीत मी विचारले, ‘‘यंदा विषय काय ठेवायचा?’’ सेक्रेटरी म्हणाले, ‘‘विषयाचं नंतर बघू. चेहरा कोण?’’ खजिनदारांनी पुस्ती जोडली, ‘‘हॉल भरला पाहिजे.’’ मी एका सरांचे नाव सुचवले. सर मोडी वाचतात, फारसीही वाचतात, आयुष्य दफ्तरखान्यांच्या धुळीत गेले आहे, शिंका येतात त्याही संदर्भासहित. विषय, आग्र्याहून सुटका. सेक्रेटरींना विषय अतिशय आवडला. इतका आवडला की त्यांनी लगेच एका ऐतिहासिक मालिकेत महाराजांची भूमिका केलेल्या नटाला फोन लावला.

तोडगा असा निघाला की उद्घाटन नटाच्या हस्ते, ‘महाराजांविषयी मुक्त चिंतन’ही त्याचेच, आणि त्याआधी सरांनी थोडी पार्श्वभूमी सांगावी. नटासाठी मानधन, ठाण्याहून गाडी, दोन बाउन्सर, खोलीत ग्रीन टी आणि न कापलेली फळे. सरांसाठी शाल, श्रीफळ आणि रिक्षाभाडे. पावती आणल्यास. फ्लेक्सवर नटाचा चेहरा दहा फुटी, नावापुढे मालिकेचे नाव आणि ‘फेम’. सरांचा फोटो पासपोर्टचाच होता आणि त्याच आकारात छापला. सरांच्या नावापुढे ‘फेम’ लावायला काही सापडेना, म्हणून ‘ज्येष्ठ’ लावले. आपल्याकडे ज्याचे काय करायचे हे कळत नाही त्याला ज्येष्ठ म्हणतात.

सूत्रसंचालन माझ्याकडे होते. सहाचा कार्यक्रम, सातला फोन आला की पाहुणे शिळफाट्याला अडकले आहेत. शिळफाट्याला कोणीही अडकू शकते, त्यात प्रसिद्धीचा संबंध नाही. मी सरांना म्हटले, ‘‘सर, तोपर्यंत दोन शब्द.’’ सरांनी बोलायला सुरुवात केली. आणि काय बोलले! 1666 सालचा तो उन्हाळा, आग्र्यातली ती कोठी, बाहेरचे पहारे, रामसिंगाची झालेली कोंडी. आंबेर दरबाराला गेलेल्या राजस्थानी पत्रांतून त्यांनी एकेक दिवस समोर मांडला. मिठाईच्या पेटाऱ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्याविषयी अभ्यासकांत काय वाद आहे, तेव्हाची कागदपत्रे काय म्हणतात, हे ते आता सांगणार होते. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कवळीसुद्धा हलवली नव्हती. महाराज अजून आग्र्यातच होते, आणि तेवढ्यात महाराज आले.

सगळा हॉल उभा राहिला. आजोबाही. मोबाइल वर गेले. बाउन्सरांनी सरांना हळूच, आदराने, बाजूला केले. पेटारे तिथेच राहिले. ते कोठीतून बाहेर पडले की नाही हे आमच्या श्रोत्यांना आजतागायत कळलेले नाही, आणि त्याविषयी एकाचीही तक्रार नाही.

नट माणूस म्हणून सज्जन होता, हे नोंदवायला हवे. त्याने सरांना वाकून नमस्कार केला. प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी हात जोडून विचारले, ‘‘महाराज, आग्र्याहून निसटताना आपल्या मनात नेमकं काय चाललं होतं?’’ नटाने प्रामाणिकपणे सांगितले की तो प्रसंग कर्जतला चित्रित केला, दाढी चिकटवलेली होती आणि फार उकडत होते. टाळ्या. सरांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. समकालीन साधन म्हणून असावे. नंतर एका बाईंनी नटाला विचारले की मुलाला इतिहासात कमी गुण पडतात, काय करावे. त्याने रोज सूर्यनमस्कार सांगितले. सर तिथून हाताच्या अंतरावर होते, ग्रीन टीचा कप हातात धरून. तो कप त्यांना का दिला होता हे कोणालाच माहीत नव्हते.

खजिनदारांचा आकडा खरा ठरला, हॉल भरला. सेक्रेटरींनी समारोपात वाचन संस्कृती वाढत असल्याचे सांगितले. त्या आठवड्यात वाचनालयातून महाराजांवरची किती पुस्तके गेली हे मी ग्रंथपाल बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘एक. आणि तेही तुमचे ते सर घेऊन गेले.’’

आता यात नटाचा दोष काय? माणूस जे करतो ते सोडून दुसरेच काही त्याला विचारायचे, ही आपली जुनी हौस आहे. दूरदर्शनवर रामायण झाले, आणि 1991 च्या लोकसभा निवडणुकीत सीता बडोद्यातून आणि रावण साबरकांठ्यातून निवडून आले, एकाच पक्षाच्या तिकिटावर. वाल्मीकींना जे जमले नाही ते उमेदवारी अर्जाने जमवले. महाभारतातले कृष्ण, नितीश भारद्वाज, 1996 साली जमशेदपूरमधून खासदार झाले. ते शिक्षणाने पशुवैद्य आहेत. शेतीप्रधान देशाला पशुवैद्य सापडला होता, आपण मात्र त्यांच्याकडे बासरी मागत राहिलो.

तिकडे लग्नात वेगळीच तऱ्हा. भाच्याच्या लग्नात मुहूर्त दुपारी होता, तो गुरुजींनी पंचांग बघून काढलेला. पण खरे पंचांग कॅमेरावाल्याकडे होते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि तो ओरडला, ‘‘गुरुजी, होल्ड! ड्रोन यायचाय.’’ ड्रोन आला. गुरुजींनी शेवटचे मंगलाष्टक पुन्हा म्हटले, आणि वऱ्हाडाने जमिनीवरच्या अक्षता वेचून पुन्हा टाकल्या. शास्त्रानुसार कोणत्या वेळी लग्न लागले, पहिल्या की दुसऱ्या, असे मी जेवताना गुरुजींना विचारले. ते बिचारे जिलबी बाजूला ठेवून म्हणाले, ‘‘जी व्हिडिओत राहील ती.’’ गुरुजींचे स्वतःचेही चॅनल आहे. सत्यनारायणाची कथा ते आता पाच भागांत सांगतात, आणि साधुवाण्याची नौका बुडाली की ‘पुढील भागात’ असे येते.

कायद्याला हे सगळे थोडेबहुत कळले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्याला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत, शिवाय वर्षभर कुठल्याच मालाची शिफारस करायची नाही अशी बंदी घालता येते. माल खरा आहे की नाही याची आधी खातरजमा केली होती असे दाखवले तर सुटका. उत्तम आहे. पण ज्याने चेहरा घेतला आणि हातातले काम ठेवून दिले, त्या शिंप्याला, वैद्याला, व्याख्यानमालेला यात कलम नाही. माझ्या बाह्या कोणत्या कलमाखाली येतात हे मी आमच्या वकिलांना विचारणार होतो. वकिलांना जाहिरात करण्याची मनाई आहे, म्हणून ते फक्त ‘कायद्याविषयी जनजागृती’ करतात. रोज रात्री नऊला, थेट. त्यामुळे त्या वेळी ते भेटत नाहीत, आणि दिवसा झोप काढतात.

शेजारची मुलगी सीएला बसली आहे. तिची आई मला काळजीने सांगत होती, ‘‘अभ्यास करते हो, पण काही पोस्टच करत नाही. पुढे तिचं कसं होणार?’’ मी त्यांना धीर दिला. काय सांगून दिला ते आठवत नाही.

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरातले दिवे गेले. फक्त आमच्याच. नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. हा मुलगा गुणी, हाताला चलाख, पूर्वी बोलावले की सायकलवरून दहा मिनिटांत यायचा. आता म्हणाला, ‘‘काका, शूट चालू आहे. तोवर तुम्हाला लिंक पाठवतो.’’ लिंक आली. फ्यूज कसा बदलावा याचा त्याचा व्हिडिओ मी अंधारात बसून संपूर्ण पाहिला. सुरुवातीला संगीत आहे, मग त्याचे नाव चारही बाजूंनी उडत येते, मग तो आपला प्रवास सांगतो. आईने दागिने मोडून पान्हे घेऊन दिले, तिथे सौं.च्या डोळ्यांत पाणी आले. फ्यूज शेवटच्या मिनिटाला येतो, आणि तो कसा बदलायचा हे सांगणार तोच माझ्या मोबाइलची बॅटरी संपली. चार्जिंगला लावायला दिवे नव्हते.

रात्री उशिरा तो आला. कपाळाला बॅटरी लावून बोर्ड उघडला, एक तार कापली, दुसरी जोडली, खटका वर केला. दिवे आले. सगळे मिळून चहा उकळायच्या आत. एक शब्द बोलला नाही, घाम पुसला, स्क्रू मोजून लावले. हात बघत राहावेत असे काम. मी पैसे विचारले तर म्हणाला, ‘‘पैशांचं राहू दे हो काका, सावकाश द्या. चॅनल सबस्क्राइब करा. आणि बेल दाबायला विसरू नका.’’

मी बाहेर जाऊन दाराची दाबली. वाजली.